रात्री मागे चिकटलेली गाडी पुढे कशी काढायची

रात्रीच्या हायवेवर आरशात दोन दिवे दिसतात, बघता बघता मोठे होतात आणि डिकीला येऊन भिडतात. मग अप्पर-डिपर, हॉर्न, पुन्हा अप्पर-डिपर. गाडी चालवणाऱ्याचे खांदे आवळले जातात, शेजारचं माणूस मागे वळून बघतं, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक्सलेटर दाबून पळत सुटतात, नाहीतर हट्टाला पेटून लेनच सोडत नाहीत. दोन्हींत आपला वेग आणि आपली जागा मागचाच ठरवत असतो.

पुणे-सातारा-कोल्हापूर रस्ता असो, पनवेलहून कोकणात उतरणं असो किंवा एक्सप्रेसवे, रात्री निघणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच मनापासून सांगतो: मागच्याला धडा शिकवणं हे आपलं काम नाही. त्याला आपल्या मागून काढून आपल्या पुढे पाठवणं हे आपलं काम आहे. तो पुढे गेला की तो आपल्याला दिसतो, त्याच्यापासून किती लांब राहायचं हे आपल्या हातात येतं. कुठे, कधी आणि किती वेगात त्याला जाऊ द्यायचं हे मात्र आपण ठरवायचं. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी थोडा हिशेब

८० च्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर जाते, १०० ला जवळजवळ २८. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ८० ला ब्रेक लागण्याआधीच तीसेक मीटर गेले. पुढे कोरडा रस्ता आणि चांगले टायर असतील तर थांबायला आणखी पस्तीस-चाळीस मीटर. एकूण सत्तरच्या आसपास. १०० ला हाच आकडा शंभराच्या घरात जातो. आणि डिपरवर असलेल्या साध्या हेडलाइटमध्ये काळी म्हैस, बंद पडलेली ट्रॉली किंवा गडद कपड्यातला माणूस पन्नासेक मीटरच्या पलीकडे धड दिसत नाही.

आता मागच्याचं बघा. तो तुमच्यापासून सहा मीटरवर असेल, तर ८० च्या वेगात त्याच्याकडे पाव सेकंदाहून थोडाच जास्त वेळ आहे. तुम्ही करकचून ब्रेक मारलात तर तो आदळणारच, तो कितीही पट्टीचा ड्रायव्हर असला तरी. मग आपला बचाव एकाच गोष्टीत उरतो: करकचून ब्रेक मारायची वेळच येऊ द्यायची नाही.

ती येऊ द्यायची नसेल, तर पुढे मोकळी जागा हवी. मागचं अंतर आपल्या हातात नाही, पुढचं आहे. म्हणून मागे कुणी चिकटलं की पहिली कृती ही, पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा. मन नेमकं उलट सांगतं, "पुढे सरक, म्हणजे हा शांत होईल." तो शांत होत नाही, तोही सरकतो, आणि आता तुम्ही दोन गाड्यांमध्ये सापडता.

अंतर मोजायची सोपी रीत: पुढची गाडी रस्त्याकडेचा एखादा दगड किंवा बोर्ड ओलांडते तेव्हा मनात "एकशे एक, एकशे दोन" असं मोजायला लागा, आणि आपली गाडी त्याच खुणेपाशी येईपर्यंत मोजा. दिवसा कोरड्या रस्त्यावर किमान दोन सेकंद, रात्री तीन, पावसात चार. मागे चिकटलेला असेल तर त्यात आणखी दोन घाला. ही जागा तुम्ही मागच्याच्या वाट्याच्या ब्रेकसाठी राखून ठेवलेली असते. पुढे काही आडवं आलं तर तुम्ही हळूहळू दाबत थांबू शकता आणि त्यालाही थांबायला वेळ मिळतो. मध्ये एखादी गाडी घुसेल. घुसू द्या, पुन्हा मागे राहा. मुंबई ते कोल्हापूर प्रवासात दहा गाड्या मध्ये घुसल्या तरी पोहोचायला दोन-तीन मिनिटांपलीकडे उशीर होत नाही.

घरून निघण्याआधी

चार गोष्टी पाच मिनिटांत होतात, आणि मागे दिवे आले की याच उपयोगी पडतात.

आतला आरसा. त्याच्या खालच्या कडेला, मधोमध, बोटाएवढी एक खुंटी असते. ती पुढे-मागे ढकलली की आरशाचा कोन बदलतो. आतमध्ये काच पाचरीसारखी असते. दिवसाच्या स्थितीत मागचा चांदीचा थर प्रकाश डोळ्यांत पाठवतो. खुंटी हलवली की तो झोत छताकडे जातो आणि काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून येणारं फिकं प्रतिबिंब तेवढं दिसतं. मागच्याचे दिवे दोन मंद ठिपके होतात, पण तो आहे हे कळत राहतं. कित्येकांनी गाडी घेतल्यापासून ही खुंटी वापरलेली नसते. आज रात्री अंगणात उभ्या गाडीत ती एकदा हलवून बघा, म्हणजे अंधारात हात बरोबर तिथे जाईल. आपोआप मंद होणारा आरसा असेल तर प्रश्नच नाही. बाहेरच्या आरशांना मात्र अशी सोय बहुधा नसते. तिथे डोकं दोन-तीन इंच पुढे किंवा बाजूला घेतलं की झोत डोळ्यांवरून हलतो.

हेडरेस्ट. मागून धडक बसली तर मान मागे फेकली जाते आणि तिला अडवायला तेवढीच एक गोष्ट असते. तिची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाशी आली पाहिजे. मानेच्या मागे खाली घातलेली हेडरेस्ट काहीच अडवत नाही. मागच्या सीटवरच्यांचीही वर करा आणि त्यांनाही बेल्ट लावायला लावा. धडक मागून येणार असेल तर सगळ्यात जवळ तेच बसलेले असतात.

टेललाइट. हल्ली बऱ्याच गाड्यांचे पुढचे बारीक दिवे इंजिन चालू होताच लागतात, डॅशबोर्डही उजळलेला असतो. शहराच्या उजेडात समोरचा रस्ता दिसतो म्हणून हेडलाइटचं बटण फिरवायचं राहून जातं, आणि मागचे लाल दिवे बंद असतात. मग मागून येणाऱ्याला तुम्ही अगदी जवळ आल्यावर दिसता, तो दचकून अप्पर मारतो आणि तुम्हाला वाटतं माणूस माजलाय. निघताना कुणाला तरी मागे उभं करून टेललाइट आणि ब्रेकलाइट दोन्ही बघून घ्या. कुणी नसेल तर गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, लाल उजेड भिंतीवर दिसतो.

आणि काच, आतून. आतल्या बाजूला साचलेला तेलकट थर दिवसा दिसत नाही, रात्री प्रत्येक दिव्याभोवती त्याचं वलय होतं. मागची काचही पुसा. हेडलाइटची उंची बदलणारी चकती असेल तर डिकी आणि मागची सीट भरल्यावर ती फिरवून झोत खाली घ्या, नाहीतर तुमचा डिपर पुढच्याच्या आरशात जातो आणि त्याच्या दृष्टीने मागे चिकटलेले त्रासदायक तुम्हीच ठरता.

मागे नक्की कोण आहे?

दिवे आले की आधी दोन-तीन सेकंद नुसतं ओळखायला द्या. सगळे मागे चिकटलेले सारखे नसतात.

बहुसंख्य नुसते घाईतले असतात: ट्रॅव्हल्सची बस, पहाटेचा बाजार गाठणारा भाजीचा टेम्पो, मासे घेऊन निघालेली पिकअप. त्यांचा तुमच्यावर राग नसतो, त्यांना फक्त रस्ता हवा असतो. रस्ता मिळाला की ते विसरून जातात.

काही जण काहीतरी सांगत असतात. टेललाइट बंद आहे, डिकी उघडी आहे, टायर बसलाय, दारातून ओढणी लोंबतेय. दोन-तीनदा अप्पर मारून तो मागे राहत असेल आणि पुढे जायला बघत नसेल, तर डॅशबोर्डवर नजर टाका आणि पुढच्या उजेडातल्या जागी थांबून गाडीभोवती फेरी मारा. तिथल्या तिथे अंधारात थांबू नका.

मागे रुग्णवाहिका असेल तर विषयच वेगळा. तिला वाट न देणं हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंडाचा गुन्हा आहे. टपावर दिवा किंवा सायरन नसलेली, नुसते हॅझार्ड लावून रुग्णाला घेऊन निघालेली घरची गाडीही असू शकते.

आणि एक प्रकार असा आहे की ज्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून इथे थांबून सांगतो. उतारावर मागे आलेला ट्रक चिडलेला नसेलच, त्याला कदाचित थांबताच येत नसेल. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार यासाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने एका रांगेत कितीतरी गाड्या ठोकरल्या होत्या. लांब उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि पकड सुटते. ओळखायचं कसं? हॉर्न तुटक नसतो, सलग दाबून धरलेला असतो. दिवे, हॅझार्ड, जे असेल ते लावलेलं असतं. अंतर एकसारखं कमी होत जातं, तो क्षणभरही मागे पडत नाही. कधी जळक्या लायनरचा वासही येतो. अशा वेळी त्याच्या रेषेत राहून पुढे पळण्यात अर्थ नाही, कारण पुढे ट्रॅफिक भेटणारच. इंडिकेटर द्या, आरसा बघा, मोकळी असेल ती लेन पकडा आणि त्याच्या रेषेतून बाहेर पडा. लेनमध्ये थांबायचं नाही. म्हणूनच लांब उतारावर अवजड गाड्यांच्या पुढे, त्यांच्याच लेनमध्ये, रेंगाळत राहू नये हे बरं.

उरलेले थोडे खरेच त्रासदायक असतात: दारू प्यायलेले, शर्यत लावणारे, किंवा ज्यांचा हेतू चांगला नाही ते. त्यांच्यावर पुढे येतो.

आता पुढे काढू या

*चौपदरी, सहापदरी रस्त्यावर.* उजवी लेन ओव्हरटेक करण्यापुरती असते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ साली पूर्ण सुरू झाला, तरी आजही कित्येक जण त्या लेनमध्ये ८० ने निवांत चाललेले असतात. "मी नियमाच्या वेगात आहे, मग का सरकू?" हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. उत्तर साधं आहे. वेगमर्यादा पाळायला लावणं हे कॅमेऱ्याचं आणि महामार्ग पोलिसांचं काम आहे, आपलं नाही. तुम्ही अडवलंत तर तो डावीकडून कट मारून जाणार, आणि डावीकडून जाणारा नेमका तुमच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यातून जातो.

क्रम असा ठेवा. वेग आहे तोच ठेवा, वाढवू नका. डावा इंडिकेटर लगेच द्या, जागा अजून नसली तरी. इंडिकेटर दिसला की मागच्याला कळतं की याने ऐकलंय, आणि बऱ्याच वेळा तो तिथेच दोन गाड्यांएवढा मागे होतो. डाव्या आरशात बघा, मान थोडी वळवून कोपरा बघा. एव्हाना तो वैतागून डावीकडून निघाला नाही ना, याची खात्री करा. हे विसरू नका, रात्री लेन बदलताना होणाऱ्या धडकांचं मूळ इथेच असतं. मग सावकाश डावीकडे या, इंडिकेटर बंद करा आणि एक्सलेटर थोडा सैल सोडा.

डावीकडे दोन ट्रक चालले असतील आणि मध्ये जागा नसेल, तर त्यांच्यामध्ये घुसू नका. उजव्या लेनमध्ये आहे त्या वेगाने किंवा मर्यादेत राहून थोडा वेग वाढवून दोन्ही ट्रक ओलांडा, आणि पुढच्या मोकळ्या जागेत जा. तेवढी पंधरा-वीस सेकंद मागच्याचं अप्पर सहन करायचं. त्याच्या दिव्यांनी आपली गाडी ढकलली जात नाही.

समृद्धी महामार्गावर हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता, कारला १२० ची मर्यादा, आणि बराचसा भाग अंधारात. तिथे मागचा चिकटलेला नसतो, तो येत असतो. तुम्ही ट्रकमागे ८० वर आहात आणि मागून कुणी १४० ने येतोय, तर फरक ६० चा, म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. आरशात ३०० मीटरवर दिसलेले दिवे अठरा सेकंदांत तुमच्यावर असतात. रात्री नुसत्या दोन ठिपक्यांवरून वेग कळत नाही. एकदा बघा, दोन सेकंदांनी पुन्हा बघा. ठिपक्यांमधलं अंतर झरझर वाढत असेल तर तो जाईपर्यंत ट्रकमागेच राहा.

*दुपदरी रस्त्यावर.* इथे काम नाजूक आहे, कारण त्याला पुढे जायला समोरून येणाऱ्याची लेन लागते. तुम्ही ७० ने चाललाय आणि मागचा ट्रक ८० ने. फरक फक्त १०, म्हणजे सेकंदाला तीन मीटरही नाही. तुम्हाला पूर्ण ओलांडून पुढे सुरक्षित यायला त्याला साठेक मीटर जास्त काटायचे असतात, म्हणजे वीस-बावीस सेकंद. तेवढ्यात तो पावणेपाचशे मीटर उलट्या लेनमध्ये राहणार. तुम्ही एक्सलेटर सोडून ६० वर आलात तर हाच वेळ निम्मा होतो. म्हणून तो बाहेर निघालेला दिसला की ब्रेक नाही, नुसता एक्सलेटर सोडा, डाव्या कडेला राहा, आणि तो तुमच्या पुढे गेला की स्वतःचा डिपर कायम ठेवा, त्याच्या आरशात अप्पर जाऊ नये. ओव्हरटेक होत असताना वेग वाढवणं हे नियमांच्या विरुद्ध तर आहेच, शिवाय समोरून कुणी आलं तर तो ट्रक तुमच्याच अंगावर येणार.

डावीकडे सरकताना एक धास्ती कायम मनात ठेवा: साइडपट्टीवर दिवे न लावता उभा असलेला ट्रक. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ऊस तोडणीच्या दिवसांत त्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची भर पडते. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, आणि बाहेर आलेला ऊस. मागच्याच्या धाकाने न बघता डावीकडे दाबली गाडी की ती अशाच एखाद्या ट्रॉलीखाली जाते. जेवढा रस्ता तुमच्या उजेडात दिसतोय, तेवढ्यातच सरका. साइडपट्टी रस्त्यापेक्षा खोल असेल तर चाक खाली घालूच नका, परत वर घेताना गाडी फिरते.

पूर्ण थांबून वाट द्यायची असेल तर जागा आधी शोधा: पेट्रोल पंपाचं तोंड, ढाब्यासमोरची मोकळी जागा, बस थांब्याची खाच. इंडिकेटर नेहमीपेक्षा लवकर द्या, ब्रेकवर पाय हलकेच दोन-तीनदा टेकवा म्हणजे लाल दिवा लुकलुकेल पण गाडी झटका खाणार नाही. मग वेग कमी करत आत शिरा. सरळ रस्त्यावर करा, वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर कधीच नाही.

ट्रकच्या उजव्या इंडिकेटरचा इथे फार घोळ होतो. काही ड्रायव्हर तो "पुढे जा" म्हणून देतात, काही "मी उजवीकडे येतोय" म्हणून. तुम्ही वाट देत असाल तर उजवा इंडिकेटर वापरू नका. डावा द्या आणि डावीकडे राहा, त्याचे दोन अर्थ होत नाहीत.

*घाटात.* वळणावर मागचा कितीही हॉर्न मारो, वेग तोच ठेवा जो तुमच्या उजेडात आणि तुमच्या गाडीत बसतो. उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा, सतत ब्रेकवर पाय नको. तुमचे ब्रेकलाइट सारखे लागत राहिले तर मागच्याला खरा ब्रेक कोणता तेच कळत नाही. घाटात रुंद जागा येतात, बहुतेक वळणाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मंदिराजवळ. पुढची अशी जागा हेरा आणि तिथे वाट द्या. बोगद्यात लेन बदलू नका, मागचा काहीही करो.

हे करू नका

त्याला घाबरवायला अचानक ब्रेक मारणं, हे सगळ्यात वाईट. "मागून ठोकलं तर चूक मागच्याचीच" असं सर्रास बोललं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोइम्बतूरजवळच्या अपघाताच्या प्रकरणात निकाल दिला. हायवेवर एका कारने कोणतीही सूचना न देता अचानक ब्रेक मारला, मागची मोटारसायकल तिच्यावर आदळली, त्यावरचा तरुण पडला आणि मागून आलेल्या बसखाली त्याचा पाय गेला. न्यायालयाने कारचालकाला ५० टक्के, बसचालकाला ३० टक्के आणि अंतर न राखल्याबद्दल त्या तरुणालाही २० टक्के जबाबदार धरलं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, मागे भरलेला ट्रक असेल तर निकाल ऐकायला आपण उरायला हवं.

तो पुढे गेल्यावर सूड म्हणून त्याच्या मागे अप्पर मारत जाणं, काच खाली करून शिव्या देणं, हातवारे, त्याला रस्त्यात गाठणं, यातलं काहीही नको. तुमच्या गाडीत मुलं झोपलेली असतात. शेजारच्याचं काम इथे मोठं असतं. "अहो, जाऊ द्या त्याला, घरी पोचायचंय आपल्याला," एवढं शांतपणे म्हणणारं कुणी शेजारी असलं की अर्धा ताण उतरतो. "बघ ना कसा चालवतोय!" म्हणणारं असलं की तो दुप्पट होतो. निघण्याआधीच हे बोलून ठेवा.

वाट देऊनही तो जात नसेल तर

तुम्ही डावीकडे आलात, वेग कमी केला, रस्ता मोकळा आहे, तरी तो मागेच आहे. कदाचित तुमच्या दिव्यांच्या आधाराने चाललाय, पेंगुळलेला आहे. कदाचित नाही. पडताळा घ्या: वेग हळूहळू २० ने कमी करा, मिनिटभर तसेच चला, मग पुन्हा पूर्वीच्या वेगावर या. दोन्ही वेळा तो तेवढ्याच अंतरावर राहिला तर सर्व्हिस रोड किंवा टोलनाक्याची कडेची लेन घेऊन बघा. तरी मागेच असेल, तर तो तुमच्याच मागे आहे असं समजून चाला.

आता घराकडे किंवा गावाच्या आडरस्त्याकडे वळायचं नाही. दारं लॉक, काचा वर. उजेड, माणसं आणि कॅमेरे जिथे आहेत तिथे जायचं: टोलनाका, मोठा पेट्रोल पंप, एसटीचं आगार, महामार्ग पोलिसांचं मदत केंद्र. पळस्पे, बोरघाट, कशेडी अशी केंद्रं हायवेलगतच आहेत. नेहमीच्या रस्त्यावरची आपली चार-पाच ठिकाणं डोक्यात असलेली बरी.

फोन शेजारच्याने करायचा, ११२ वर. एकटे असाल तर स्पीकर किंवा गाडीच्या ब्लूटूथवरून, हातात धरून नाही. सांगायचं असं: "पुण्याकडून साताऱ्याकडे चाललोय, आत्ता अमुक किलोमीटरचा दगड गेला, मागे पांढरी एसयूव्ही आहे, नंबर असा, दहा मिनिटांपासून पाठलाग करतेय, आम्ही पुढच्या टोलनाक्यावर थांबतोय." दगडावरचा आकडा आणि कुठल्या दिशेने चाललाय, या दोन गोष्टी नसतील तर गस्तीच्या गाडीला तुम्हाला शोधता येत नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांकही आहे. एक्सप्रेसवे आणि समृद्धी हे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे रस्ते असल्याने तिथे थेट ११२ लावा.

त्याने मागून हलकेच टेकवलं आणि थांबायची खूण केली तर? निर्जन जागी उतरू नका. हॅझार्ड लावा, हात दाखवा, पुढे उजेडात या असं खुणावा आणि सावकाश तिथवर चला. कुणाला लागलं असेल तर मात्र नुसतं निघून जाता येत नाही. जखमीला मदत करणं कायद्याने बंधनकारक आहे. जमावाच्या भीतीने किंवा आवाक्याबाहेरच्या कारणाने थांबता आलं नाही, तर जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, माहिती द्यावी लागते. खरं तर ११२ लगेच लावलात तर तुमची बाजूही तिथेच नोंदवली जाते.

दुचाकीवर असाल तर

तुमच्याकडे डिकी नाही, तुम्हीच डिकी आहात. म्हणून दुचाकीवाल्याने वाट देण्यात एक सेकंदही घालवू नये. लेनच्या अगदी डाव्या कडेला चिकटून चालू नका, त्याने मागच्याला "याच लेनमधून निघू" असं वाटतं आणि तो खेटून जातो. लेनच्या मधोमध राहा, इंडिकेटर द्या, आणि जागा दिसली की पूर्ण बाजूला व्हा. खडी आणि वाळू कडेलाच साचते, तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबू नका. ट्रक जवळून गेला की आधी हवा बाहेर ढकलते, मग आत ओढते. हँडलवरची पकड घट्ट ठेवा, पण कोपरं सैल. पाठीवर रिफ्लेक्टरचा पट्टा किंवा जॅकेट असेल तर मागच्याला तुम्ही कितीतरी आधी दिसता, आणि त्यातून बरेच प्रसंग उद्भवतच नाहीत.

तो गेल्यानंतर

पाय थरथरत असतील तर पुढच्या उजेडाच्या जागी दहा मिनिटं थांबा, चहा घ्या, टायर आणि टेललाइट बघा. घाबरलेला माणूस पुढचा अर्धा तास विनाकारण जोरात चालवतो.

तक्रार करायची असेल तर डॅशकॅमची क्लिप त्याच रात्री वेगळी जतन करा. कार्ड भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं. पुढच्या कॅमेऱ्यात तो पुढे गेल्यानंतरची नंबरप्लेट मिळते, मागचं चिकटणं मात्र मागच्या कॅमेऱ्यातच दिसतं. नवीन घेत असाल तर दोन्ही बाजूंचा घ्या. क्लिप कापू नका, त्यावर गाणी-अक्षरं टाकू नका. मूळ फाइल, तारीख, वेळ, किलोमीटरचा दगड, दिशा आणि नंबर, एवढं एका कागदावर लिहून वाहतूक पोलिसांकडे किंवा जवळच्या ठाण्यात द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यासाठी पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१सुद्धा बेदरकार चालवण्यासाठी लागू होतं. ट्रॅव्हल्सची बस असेल तर तिकिटावरचा किंवा बसवरचा कंपनीचा क्रमांक लावून मालकालाही कळवा. ड्रायव्हर कुणाचंच ऐकत नसला तरी मालकाचं ऐकतो, आणि त्या बसमध्ये तीस-चाळीस माणसं झोपलेली असतात.